कलशावरचा नारळ

दत्तारामनं जाजमावर मांडी घालता घालता पुन्हा एकदा शर्टाचा खिसा चाचपला. पाचशे रुपये जागच्या जागी होते. असल्फ्याच्या चाळीतल्या सत्यनारायणाला कोणी एवढे पैसे अंगावर घेऊन येत नाही. पण घरी ठेवायची त्याची छाती झाली नव्हती. भीती चोराची नव्हती, बायकोची होती. जानकीला कोणी अडलेला दिसला की तिचा हात डब्यात गेलाच म्हणून समजा. वर "देव बघून घेईल" एवढं म्हटलं की तिच्यापुरता प्रश्न मिटायचा. देव बघायचा की नाही कोण जाणे, महिनाअखेर मात्र दत्तारामलाच बघावी लागायची.

संपात गिरणी गेली तेव्हापासून तो साकीनाक्याच्या एका कारखान्यात ओझी उचलत होता. आता चाळीतला सहदेव कायमचा गावी निघाला होता आणि बसस्टॉपजवळची वडापावची गाडी दत्तारामला पाचशेत द्यायला तयार झाला होता. सकाळी पैसे हातावर ठेवायचे आणि गाडी आपली. सहदेवच्या मागे आणखी दोघे लागलेत, हेही त्याच्या कानावर आलं होतं.

आरती झाली, प्रसाद वाटून झाला. चाळीचा कारभार बघणाऱ्या राजारामनं कलशावरचा नारळ दोन्ही हातांनी वर धरला. दरवर्षी त्याचा लिलाव व्हायचा आणि आलेली रक्कम चाळीतल्याच एखाद्या अडचणीतल्या घरी गुपचूप पोचायची. कोणाच्या घरी, ते राजारामनं सांगायचं नाही आणि इतरांनी विचारायचं नाही, असा रिवाज होता.

अकरावरून बोली एकवीसवर गेली, मग एक्कावन्नवर. तिथं जरा रेंगाळली.

"एकशे एक," बायकांच्या घोळक्यातून आवाज आला.

दत्तारामनं तो आवाज ओळखला. जानकीचा. एकशे एक रुपये हिच्याकडे कुठले? त्याच्याच खिशातले. गप बस, अशी खूण करायला त्यानं झटकन हात वर केला.

"दत्ताराम, एकशे एक्कावन्न," राजाराम म्हणाला. "नवरा-बायकोची चढाओढ लागली रे. आणखी कोणी पडतंय का मध्ये?"

सगळे हसले. मध्ये कोणी पडलं नाही. दत्तारामनं चूक सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात जानकीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. अशी ती लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बघायची. तो उघडलेलं तोंड मिटून खिशात हात घालून उभा राहिला.

घरी आल्यावर तो नारळ मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिला. जानकी देवापाशी समई लावत होती.

"संपाच्या साली माझ्या भावाचे पैसे आले होते, आठवतं?" तिनं विचारलं.

"न आठवायला काय झालं? पोरांच्या फिया त्यातूनच तर भरल्या."

"भाऊच तेव्हा घरी बसून होता. ते राजारामभावजींनी आणून दिले होते."

दत्तारामचा नारळावरून फिरणारा हात थांबला. त्या वर्षीचा नारळ कोणी घेतला होता, ते अख्ख्या चाळीला ठाऊक होतं. सहदेवनं. गिऱ्हाइकं संपावर, गाडीवर नुसत्या माशा, आणि हा गडी दोनशे रुपये मोजून नारळ घेऊन गेला होता. तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं दत्तारामच हसला होता. 'डोकं फिरलंय त्याचं,' असं चार जणांना सांगतही फिरला होता. आता आठवून त्याचे कान तापले.

"मला का नाही सांगितलंस गं?"

"तुम्ही घेतले असते?"

त्यानं नारळ मांडीवरून खाली ठेवला. मग म्हणाला, "तुला खरं सांगू? मी मघाशी हात वर केला ना, तो..."

"मला गप्प करायला. कळतं हो." तिनं वात सारखी केली. "पुढच्या वर्षी जरा आधी करा. साठ-सत्तरात भागलं असतं."

त्याला हसू आवरेना. हसता हसताच त्याच्या लक्षात आलं, खिसा हलका झाल्याचं दुःख कुठंतरी सांडून गेलंय. सकाळची धाकधूक तेवढी राहिली होती.

सकाळी तो पोचला तेव्हा सहदेव गाडीवर पीठ भिजवत होता. दत्तारामनं उरलेले पैसे पुढं केले आणि पिशवीतून नारळ काढून बाजूला ठेवला.

"पुरे नाहीत," तो म्हणाला. "बाकीचे गावी पाठवीन. दुसऱ्या कोणाला द्यायची असेल गाडी, तर माझं काही म्हणणं नाही."

सहदेवनं नारळाकडे पाहिलं. त्यावरचं हळदकुंकू अजून ओलसर होतं.

"कितीला घेतलास?"

"दीडशेला."

सहदेवनं पिठाचा हात फडक्याला पुसला आणि नोटा न मोजताच गल्ल्यात टाकल्या.

"डोकं फिरलंय तुझं," तो म्हणाला आणि झारा त्याच्या हातात दिला. "तेल तापलंय बघ. पहिला घाणा तू काढ."