पान त्रेसष्टवरचा शब्द

मी एक चरित्र बोलतोय, एका व्यावसायिक गोल्फ खेळाडूचं. बोलतोय खरा, पण मान खाली घालून. माझ्या एका शब्दाने एका बापाला त्याच्या लेकीसमोर तोंडघशी पाडलं.

मला मराठीत आणणारा अनुवादक फुटबॉलचा दर्दी. त्याने आणलेली फुटबॉलपटूंची दोन चरित्रं ही माझी थोरली भावंडं. वाचून वाचून त्यांचे कोपरे मऊ पडलेत. त्यावर खूश होऊन प्रकाशक म्हणाला, "आता गोल्फ करा. चेंडू तो चेंडू!" अनुवादकाने गोल्फचं मैदान कधी पाहिलंही नव्हतं. पण इतकं नाव झाल्यावर कुणाला विचारायची त्याला लाज वाटली. त्याने शब्दकोश उघडला आणि गाडं रेटलं. ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी लागला की गोल्फवाले त्याला 'बर्डी' म्हणतात. माझा नायक मात्र भर स्पर्धेत सलग तीन पक्षी मारतो. हसा, हसण्यासारखंच आहे.

पान त्रेसष्टवर मात्र हसू येत नाही. हौशी खेळाडूला त्याच्या कुवतीप्रमाणे काही फटक्यांची सवलत मिळते, तिला हॅंडिकॅप म्हणतात. माझ्यात छापलंय, 'सरावाने त्याचे अपंगत्व अठरावरून चारवर आले.' तपासणाऱ्याने तपासलं, छापणाऱ्याने छापलं, कुणाची भुवईसुद्धा हलली नाही.

वाचनालयात भावंडं सतत फिरतीवर आणि मी फळीवर धूळ खात. एक दिवस सर आले. शाळेतल्या मुलांना फुटबॉल शिकवण्यात त्यांची हयात गेलेली.

"सर, वाट चुकलात का? फुटबॉल पलीकडे आहे," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"मुलगी गोल्फ खेळते हो, व्यावसायिक आहे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

बाकीचं मला त्यांच्या घरी कळलं. मुलगी लहानपणी सरांच्याच संघात फुटबॉल खेळायची. गुडघा मोडला, डॉक्टरांनी फुटबॉल बंद केला, तेव्हा सर तिला म्हणाले होते, "संपला तुझा खेळ." ती दुसऱ्या गावी गेली आणि गोल्फ शिकली. सहा वर्षं बापलेकीचं बोलणं "जेवलीस का?"च्या पुढे गेलं नव्हतं. येत्या रविवारी ती यायची होती.

आठवडाभर सरांनी मला परीक्षा असल्यासारखं वाचलं, वहीत शब्द उतरवून पाठ केले. इतकं मन लावून मला कुणी वाचलं नव्हतं. मी चांगलाच फुशारलो होतो. त्या फुशारकीची आज जास्त लाज वाटते.

रविवारी ती आली. सरांनी घसा खाकरला आणि तोंडभर हसून विचारलं, "मग, तुझं अपंगत्व किती आता?"

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "सहा वर्षांनीसुद्धा तेच, बाबा?"

"अगं, कमी असेल तेवढं चांगलं ना?" सर तिच्यामागे दारापर्यंत गेले. दार लागलं.

"काय बोललात हे!" सरांच्या बायकोने कपाळावर हात मारला.

"पुस्तकात आहे गं."

तिने मला हिसकावून घेतलं, पान त्रेसष्ट वाचलं, सरांची वहीही पाहिली. दोन्हींचे फोटो तिने लेकीला पाठवले. संध्याकाळी उत्तर आलं ते तिने मोठ्याने वाचलं, "बाबांना सांग, व्यावसायिक खेळाडूला ते नसतंच."

"पुन्हा वाच," सर म्हणाले. तिने पुन्हा वाचलं.

"मेला तो अनुवादक!" ती म्हणाली.

"त्याला कशाला बोल लावतेस? दुसरं कुणी असं विचारलं असतं तर ती हसली असती. माझ्या तोंडून तिला ते खरं वाटलं." सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी मला माफ केलं होतं, आणि मला कपाटामागे तोंड लपवावंसं वाटत होतं.

मग त्यांनी स्वतः फोन लावला. ज्यांनी आयुष्यभर इतरांना शिकवलं, ते अडखळत म्हणाले, "मला शिकवशील? मी वही घेऊन बसलोय." पलीकडून तिने विचारलं, "पेन्सिल आहे का जवळ?"

सध्या मी ग्रंथपालबाईंच्या टेबलावर आहे. माझ्यावर कुणीतरी लिहिलंय म्हणून मला ठेवायचं की रद्दीत घालायचं, असा त्यांना प्रश्न पडलाय. बाई, रद्दीत घातलंत तर माझी तक्रार नाही, माझी लायकी तीच. पण ठेवलंत, तर पान त्रेसष्टवर खोडरबर फिरवू नका. तिथे तो शब्द खोडलेला आहे आणि समासात सरांच्या अक्षरात लिहिलंय, 'हौशी खेळाडूला मिळणारी सवलत. मुलीला विचारून लिहिले.'