टेबलावरची पाटी आणि डॉक्टरीणबाई

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे. एका सरकारी कचेरीतल्या टेबलावर मी एकतीस वर्षे उभी होते. माझ्यावर पांढऱ्या रंगात एकच शब्द आहे: टंकलेखक.

सुताराने दाराच्या उरलेल्या फळीतून मला कापले. रंगाऱ्याने श्वास रोखून अक्षरे काढली. त्यातला 'ख' जरा पसरला, तेव्हा तो म्हणाला, "चालतंय, कोण बघतंय!" पण बघणारे होते. त्याच आठवड्यात त्या टेबलावर एक तरुण मुलगी रुजू झाली. तिला पोहोचवायला आलेल्या वडिलांनी मला मोठ्याने वाचले आणि म्हणाले, "पोरी, नाव काढलंस!" तेव्हा मला माझाच केवढा अभिमान वाटला!

चार वर्षांनी टंकयंत्रे गेली आणि संगणक आले. हात लावला आणि बिघडले तर, या भीतीने सगळे दोन हात लांब राहिले. त्या मुलीने, म्हणजे एव्हाना साऱ्या कचेरीच्या झालेल्या बाईंनी, मात्र जाडजूड पुस्तके आणली. चुकत, पुसत, पुन्हा करत त्या शिकल्या. पुढे साऱ्या गावाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यांच्या स्वाधीन झाल्या. कोणता संगणक कशाला जोडायचा, कोणती नोंद कोणी उघडायची, रोजची प्रत कुठे जपायची, हे सगळे त्याच ठरवीत. कुणाचे यंत्र आजारी पडले की हाक त्यांनाच. म्हणून कचेरी त्यांना 'डॉक्टरीणबाई' म्हणे. मी मात्र होते तिथेच होते, टंकलेखक.

एकदा मुख्य यंत्र बंद पडले आणि चाळीस वर्षांच्या नोंदी दिसेनाशा झाल्या. खिडकीबाहेर माणसांची रांग लागली. बाहेरून एक तज्ज्ञ बोलावला. त्याने मला वाचले आणि म्हणाला, "टंकलेखकाला काय कळणार यातलं? जबाबदार माणसाला बोलवा."

"मीच आहे," बाई म्हणाल्या.

तो हसला. मित्रांनो, मला टेबलाखाली तोंड लपवावेसे वाटले. तो तज्ज्ञ दुपारीच हात हलवीत परत गेला. बाईंनी जपलेल्या प्रतींवरून दोन दिवसांत एकूण एक नोंद परत आणली. शाबासकीचे पत्र आले ते साहेबांच्या नावाने.

दर वर्षी बाई अर्ज करीत: माझे काम बदलले आहे, पदही बदलावे. दर वर्षी उत्तर येई: प्रकरण विचाराधीन आहे. साहेब समजूत घालीत, "बाई, पदात काय ठेवलंय? तुमच्यावाचून पान हलत नाही आमचं."

"पान हलतं हो साहेब," बाई म्हणत, "पाटी हलत नाही."

सगळे हसत. बाईही हसत, पण त्यांचे डोळे हसत नसत. ते फक्त मला दिसे, कारण मी त्यांच्या अगदी समोर होते.

त्यांच्या नोकरीचे शेवटचे वर्ष सुरू झाले आणि एक तपासनीस आले. संगणकाचे काम करणाऱ्या सरकारी माणसांचे पद आणि त्यांचे खरे काम जुळते का, हे ते कचेरी-कचेरीत जाऊन पाहत होते. ते तीन दिवस बाईंच्या शेजारी स्टूल टाकून बसले.

"शेवटचं टंकलेखन कधी केलंत?" त्यांनी विचारले.

"परवाच," बाई म्हणाल्या. "तुम्ही येणार म्हणून सूचना काढायची होती ना! त्याआधीचं काही आठवत नाही."

तपासनीस खळखळून हसले. त्यांनी मला हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि वहीत लिहिले. लिहिता लिहिता ते मोठ्याने बोलत होते, "पद चुकीचं. काम संगणक प्रणाली सांभाळण्याचं. तेवीस वर्षांपासून."

बाईंनी पदराने डोळे टिपले. "एवढं लिहिलंत, पुरे झालं," त्या म्हणाल्या. पण ते पुरे नव्हते. अहवाल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला आणि बाईंचा निवृत्तीचा दिवस उजाडला. निरोपाच्या सभेत कारकुनाने कागद वाचला, "टंकलेखक या पदावरून आज सेवानिवृत्त." बाईंनी मान खाली घालून सही केली.

अकरा आठवड्यांनी आदेश निघाला. तो घेऊन तपासनीस स्वतः आले. रिकामी खुर्ची पाहून ते शिपायाला म्हणाले, "बाई कुठे आहेत?"

"त्या रिटायर झाल्या की साहेब."

तपासनिसांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मग तिथूनच त्यांनी फोन लावला. मला त्यांचेच बोलणे ऐकू येत होते.

"बाई, आदेश निघाला. पद बदललं... हो, तुमचं म्हणणं खरं ठरलं... नाही, मागच्या तारखेपासून नाही. आजपासून. तुमच्या जागी येईल त्याला..." ते बराच वेळ ऐकत राहिले. "अहो, माझे कसले आभार मानता?" एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला.

आता टेबलावर नवी पाटी आहे. मी मोडक्या सामानाच्या कपाटात आहे. टाकून दिल्याचे मला दुःख नाही. एका माणसाबद्दल मी तेवीस वर्षे खोटे बोलले, याचे आहे. मी लाकूड; मला स्वतःला पुसता येत नव्हते. पण मित्रांनो, तुम्हाला हात आहेत. कुणाचे काम त्याच्या पाटीपेक्षा मोठे झालेले दिसले, तर ते लिहा. आणि ते माणूस खुर्चीवर बसलेले असतानाच लिहा.