वनमालाबाईंचा पुठ्ठा

कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात वनमालाबाईंना एकच काम होतं. पुठ्ठा धरायचं.

एरवी त्या लेडीज रूमच्या मावशी. केर काढायचा, आरशाची राखण करायची, कुणाच्या चपलेचा अंगठा तुटला तर पिन द्यायची. पण डिसेंबरातला एक आठवडा हॉलच्या खिडक्यांना काळे पडदे लागत, टाऊनमधल्या वकिलातींकडून पत्र्याच्या गोल डब्यांतून देशोदेशीचे सिनेमे येत, आणि बाई प्रोजेक्टरशेजारी स्टूल टाकून बसत. मांडीवर काळा पुठ्ठा आणि उपप्राचार्य चंद्रप्रकाश सरांनी केलेली यादी. कुठल्या रिळात, कशानंतर, पुठ्ठा वर. पडद्यावर कुणी कुणाच्या ओठांपाशी वाकलं की बाई भिंगापुढे पुठ्ठा धरत. चित्र जाई, आवाज तेवढा चालू राही, आणि तीनशे पोरं मिळून बाईंच्या सात पिढ्या उद्धरत.

"पुठ्ठामावशी, तुम्ही तर सगळं बघता! आम्हीच काय पाप केलंय?"

बोलणं अगदीच खोटं नव्हतं. फिजिक्सच्या लॅबमधला शिपाई लवू प्रोजेक्टर चालवायचा, आणि सकाळी साडेआठला प्रत्येक रीळ फिरवून जोड तपासायचा. केर काढता काढता बाई टेकायच्या. म्हणजे अख्ख्या कॉलेजात सिनेमे पुरते पाहिलेली माणसं दोनच, एक चौथी पास आणि एक सातवी नापास. सरांनी यादी केली होती ती वकिलातीच्या छापील माहितीपत्रकावरून.

पोरांमध्ये सगळ्यात कडू नंदू. महोत्सवाचा विद्यार्थी सेक्रेटरी. अंगात खादीचा कुर्ता, तोंडात परदेशी दिग्दर्शकांची नावं.

"तुमच्यासारख्यांमुळे हा देश मागे राहिलाय," तो बाईंना तोंडावर म्हणायचा.

"असेल बाबा. पाय उचल, केर काढायचाय."

बाईंना देशाची नव्हे, फायलीची काळजी होती. सहा वर्षं त्या टेम्पररी होत्या. एक जानेवारीपासून कायम करायचा कागद तयार होता, फक्त चंद्रप्रकाश सरांची सही व्हायची होती. "महोत्सव सुरळीत पार पडू दे, मग बघू," सर म्हणाले होते.

गुरुवारी सकाळी लवूने हंगेरीचं की झेकोस्लोव्हाकियाचं रीळ लावलं. त्याला दोन्ही देश सारखेच. तिसऱ्या रिळात एक म्हातारी आपल्या नवऱ्याला आंघोळ घालत होती. म्हाताऱ्याची एक बाजू गेलेली. म्हातारीने त्याचे कपडे उतरवले, पाटासारख्या बुटक्या बाकावर बसवलं, आणि आधी लुळा हात उचलून धुतला.

बाईंच्या हातातला केरसुणीचा मुठा तसाच राहिला. मरोळच्या खोलीत, मोरीत, नवऱ्याला, दत्तारामला, त्यांनी चार वर्षं अशीच आंघोळ घातली होती. आधी लुळा हात, मग चांगला. चांगला आधी धुतला की माणूस त्या हाताने मदत करायला जातो आणि तोल सुटतो. हे बाईंना दत्ताराम एकदा पडल्यावर कळलं होतं.

"हिला कुणी शिकवलं रे?" त्या म्हणाल्या.

"कोणाक?" लवूने विचारलं. बाईंनी यादी काढून पाहिली. 'रीळ तिसरे. स्नान. नग्न. पूर्ण झाकणे.'

त्या तडक सरांकडे गेल्या. "सर, त्यात तसलं काही नाहीये. आजारी म्हातारा आहे."

"नग्न आहे की नाही?"

"कपडे घालून आंघोळ कशी करणार सर?"

"मला शिकवू नका. तुमची फाईल माझ्या टेबलावर आहे, एवढं लक्षात ठेवा."

दुपारी रीळ चढवताना लवू कुजबुजला, "वयनी, गपचूप पुठ्ठो धर. म्हातारो काय तुझो घोव न्हय."

तिसरं रीळ सुरू झालं. म्हातारीने पाणी काढलं. बाईंचे हात मांडीवरच राहिले. पोरांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही.

"पुठ्ठा मेला!" शिट्ट्या झाल्या, खुर्च्या वाजल्या. मग म्हाताऱ्याचं उघडं अंग पडद्यावर आलं. फासळ्या, लोंबती कातडी.

"अरे, हे तर आपले चंद्रप्रकाश!"

हॉल फुटला. "आजोबा, पोज द्या!" "साबण लाव ना डार्लिंग!" नंदू पोट धरून हसत होता.

बाई उठल्या आणि त्यांनी भिंगापुढे पुठ्ठा धरला. पडदा काळा झाला.

"आता काय झालं? काढ ए!"

"आधी हसून घ्या," बाई म्हणाल्या. "संपलं की सांगा, मग दाखवते."

शिव्या आल्या, कागदाचा बोळा आला. बाईंचा हात हलला नाही. वरून सांताक्रूझला उतरणारं विमान गेलं तेव्हा शिव्याही ऐकू येईनात. विमान गेल्यावर काळ्या पडद्यामागून आवाज येत राहिला. पाण्याचा, आणि म्हातारीच्या पुटपुटण्याचा, कुणालाच न कळणाऱ्या भाषेत. म्हातारा एकदा कण्हला. मागे कुणीतरी "गप रे" म्हणालं. एक जण तरीही खिदळला, पण एकटाच. बाईंनी पुठ्ठा खाली घेतला तेव्हा म्हातारी दुसरा हात पुसत होती.

दिवे लागताच पहिल्या रांगेतून, वकिलातीच्या पाहुण्यांना तिथेच टाकून, सर आले.

"झाकायचं ते दाखवलंत, आणि वर माझ्या विद्यार्थ्यांना दम देता? स्वतःला समजता कोण?"

"यादी चुकली होती सर."

"एक तारखेपासून यायचं नाही. फाईल बंद."

बाईंनी पुठ्ठा पदराने पुसला आणि त्यांच्या हातात दिला. "उद्यापासून मग तुम्हीच धरा. हात अवघडतो, मध्ये बदलत जा."

लवू रीळ डब्यात भरत होता. त्याने मान वर केली नाही. नंदू मात्र वाट अडवून उभा राहिला. "सीन मधोमध तोडलात मावशी. माफी नाही याला."

"तू हसलास."

"सगळेच हसले!"

"सगळ्यांचं नाही बोलत मी."

तो बाजूला झाला. नमस्कार-चमत्कार काही नाही, नुसता बाजूला झाला.

शुक्रवारी स्टुलावर खुद्द चंद्रप्रकाश सर. बाईंनी हॉल झाडला, केरसुणी दाराआड ठेवली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा शेवटच्या रांगेत खुर्चीवर बसल्या. महिना संपायला अजून आठवडा होता. तोवर त्या कॉलेजच्याच. सिनेमात एक बाई आणि एक बुवा बागेतल्या बाकावर सरकत सरकत जवळ आले. सरांचं तोंड उघडं, पुठ्ठा मांडीवर. तीनशे पोरं श्वास रोखून. सकाळी हेच रीळ पाहिलेल्या बाईंना ठाऊक होतं, आता किती उरलंय ते. तेवढं त्या थांबल्या.

"सर, पुठ्ठा!" शेवटच्या रांगेतून खणखणीत आवाज आला.

सर दचकले, यादी खाली पडली, पुठ्ठा एकदाचा वर गेला. तोवर चुंबन होऊन गेलं होतं आणि बागेत एक कुत्रं पाय वर करून उभं होतं. ते तेवढं झाकलं गेलं.