दोनशे बारा मीटर

आमच्या नकाशा विभागात माझ्या पाठीमागे मला सगळे हेडबाई म्हणतात. मी ओरडते म्हणून. आणि ओरडते तेही एकाच गोष्टीवरून. मोजणीची फाइल आली की आधी विचारा, आकडे कुठल्या पद्धतीचे? पृथ्वी गोल, कागद सपाट. तिला कागदावर आणायच्या पद्धती पन्नास, आणि प्रत्येकीची मोजायची सुरुवात वेगळी. पद्धत न सांगता दिलेले आकडे म्हणजे 'डावीकडून तिसरं घर' असा पत्ता. अरे, पण तोंड कुणीकडे करून? हे मी इतक्या वेळा ऐकवलंय की आमचा ड्राफ्ट्समन हल्ली माझ्या आधीच म्हणून मोकळा होतो.

मंगळवारी साडेअकराला वहिनीचा फोन आला. आवाज दबका, म्हणजे दादा आसपास होता. तिने भराभर सांगितलं की बाह्यवळण रस्त्याच्या पट्ट्यात त्यांचं घर पाडलं जाणार आहे, नोटीस येऊन तीन आठवडे झालेत, हरकत घ्यायची मुदत उद्या संपते आणि दादा हरकत घ्यायचं नावच काढत नाही. मला कळवायचं नाही अशी तिला ताकीदही होती.

"वन्सं, माझं नाव सांगू नका," म्हणून तिने फोन ठेवला.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तो पट्टा मीच काढला होता. पट्ट्याखाली कोण कोण येतं ती यादी खालच्या मजल्यावर करतात. मला पडद्यावर नुसत्या चौकटी दिसतात, आणि त्यातली एक आपल्या भावाची आहे हे बघायची तसदी मी घेतली नव्हती. मी आकडे बघते ना, घरं कशाला बघू!

जेवणाच्या सुट्टीत तडक त्याच्याकडे गेले. दादा घड्याळं दुरुस्त करतो. पुढच्या खोलीत त्याचं टेबल आणि टेबलामागे चोवीस छोट्या कप्प्यांचं कपाट, कप्प्यांत स्क्रू, काटे, काचा. निम्मे कप्पे वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांत गेले होते. मला बघून त्याने वहिनीकडे एक नजर टाकली आणि वहिनी चहा टाकायला पळाली.

मी नको नको ते बोलले. तीन आठवडे गप्प बसलास, मी काय परकी आहे का, उद्या सकाळी पहिल्यांदा हरकतीचा अर्ज दे. तो शांतपणे कप्पा गुंडाळत राहिला. रस्ता कुठूनतरी जाणारच, म्हणाला. मग सहज, नुसत्या कुतूहलाने, त्याने विचारलं, "पण मग तो मोजणीवाला खुंट्या ओढ्यापलीकडे कशाला ठोकत होता?"

गेल्या वर्षी तो मोजणीवाला इथेच पाणी प्यायला होता म्हणे. दिवसभर ओढ्यापलीकडच्या माळावर खुंट्या ठोकत होता, अलीकडे एकही नाही. दादाला वाटलं, पुढे बेत बदलला असेल.

बेत बदलला नव्हता. बदलला असता तर माझ्या टेबलावरून गेला असता. मी चहा तसाच ठेवून निघाले.

ऑफिसात येऊन फाइल उघडली. मोजणीवाल्याने तपासणीसाठी टेकडीवरची पाण्याची गोल टाकीही मोजली होती. ते तपासणीचे बिंदू मी पडद्यावरून बंद करून ठेवले होते, कारण त्यांनी नकाशा गिचमिड दिसायचा. आता चालू केले. टाकी शाळेच्या मैदानाच्या मधोमध उभी होती.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझी मोजून दोनशे बारा मीटर सरकली होती.

फाइल आली तेव्हा तिच्यावर पद्धतीचं नाव नव्हतं. सॉफ्टवेअरने विचारलं, आकडे कुठल्या पद्धतीचे? आणि मी रोजची सवयीची नवी पद्धत दाबून पुढे गेले. आकडे जुन्या पद्धतीचे होते. पट्टा पार समुद्रात जाऊन पडला असता तर शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं. पण तो याच गावात पडला, जरासा शेजारी, आणि अगदी खरा दिसला. ज्या चुकीवरून मी सगळ्यांचे कान उपटते, ती माझीच निघाली. नाकाने कांदे सोलणाऱ्या हेडबाईचं पितळ उघडं पडलं होतं.

फाइलला खरी पद्धत सांगितली. आता आकडे नव्या पद्धतीत बदलून घ्यायचे, एक बटण दाबायचं. आणि माझा हात थांबला. पट्टा दादाच्या घरावरून उठून दुसऱ्या कुणाच्या दादाच्या घरावर बसला तर?

दाबलं. टाकी टेकडीवर जाऊन बसली. पट्टा ओढा ओलांडून गेला. मी जवळ जाऊन बघितलं, इंच इंच सरकत. दगड, खुरटी झुडपं, एक पडकी वीटभट्टी. घरं तीनदा मोजली. एकही नव्हतं.

माझा जीव भांड्यात पडला. मी हसत होते की रडत, मलाच कळेना. ड्राफ्ट्समनने पाणी आणून दिलं आणि हळूच सुचवलं, साहेबांना सॉफ्टवेअरचा घोळ म्हणून सांगू या. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो ग्लास घेऊनच परत गेला.

साहेबांनी इंजिनिअरचा मूळ आराखडा काढून शेजारी धरला. त्यातही रस्ता ओढ्यापलीकडेच होता. मग विचारलं, पद्धत कुणी निवडली? मीच, म्हटलं. नऊ घरांच्या नोटिसा मागे घेतल्याच्या पत्रांवर त्यांनी चार वाजेपर्यंत सह्या केल्या आणि ती मी स्वतः नेऊन द्यायची, असं सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती.

आठ घरं आधी केली. एका बाईने पत्र दोनदा वाचलं, माझ्या तोंडावर दार लावलं, मग पुन्हा उघडून मला आत ओढून पाणी दिलं. दादाचं घर शेवटी ठेवलं, कारण तिथे मला रडू फुटणार हे ठाऊक होतं.

दादाने डोळ्याला भिंग लावून पत्र वाचलं, जणू बारीक चाकातलं कुसळ शोधतोय. वहिनी एका खोक्यावर मटकन बसली. चूक माझी होती हे मी सांगून टाकलं, आणि मग मलाच राग आवरेना. खुंट्या स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या होत्यास, मग हरकत का नाही घेतलीस?

त्याने नोटीस काढली, तिला जोडलेला नकाशा उलगडला आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे माझी सही होती.

"तू केलंय म्हटल्यावर मी काय हरकत घेणार?" तो म्हणाला. "मला वाटलं, माझंच बघण्यात चुकलं असेल."

मग मात्र मी रडले, चांगली हमसून. वहिनीने पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, ही खोकी आता कोण सोडणार? ज्याने बांधायला लावली त्याने, दादा म्हणाला.

मी जमिनीवर बसून पहिल्या खोक्याची सुतळी सोडली आणि एक कप्पा बाहेर काढला. कुठे बसवायचा, विचारलं. दादा टेबलाच्या पलीकडे, कपाटाला पाठ करून बसला होता.

"डावीकडून तिसरा," तो म्हणाला.

"तोंड कुणीकडे करून?" मी विचारलं.