बीपीचा पट्टा

जयवंताबाईंच्या मनगटावर दीड महिन्यापासून एक काळा रबरी पट्टा होता आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता. सून प्रीतीने स्वतःच्या हाताने तो बांधला होता. "आई, हा बीपीचा पट्टा आहे. अंघोळीलेही काढू नका," असं बजावलं होतं. बुद्धविहारातल्या बायकांसमोर जयवंताबाई पदर सारून हात पुढे करायच्या. "माह्या सुनेनं बांधला. तुमच्या सुना पाणी तरी विचारतात का वं?"

अडुसष्ट वर्षांची बाई, पण बूड टेकणं ठाऊक नाही. काटोलच्या मंडीत तीस वर्षं संत्री निवडली, तीही उभ्याने. आता मुलाच्या फ्लॅटमध्ये चौथ्या मजल्यावर राहायला आल्या तरी पायाची भिंगरी थांबली नव्हती. पहाटे पाचला खाली उतरून विहार झाडायचा, सहाला वंदना, अकराला दळण नाहीतर किराणा, चारला भाजीबाजार. लिफ्टला त्या पिंजरा म्हणायच्या.

नात वैभवी तेरा वर्षांची. तिला मात्र पिंजराच गोड. शाळेची बस फाटकाशी, ट्यूशनची व्हॅन फाटकाशी, उरलेला वेळ मोबाइल. मागच्या महिन्यात लिफ्ट बिघडली तेव्हा पोरगी दुसऱ्या मजल्यावर भिंत धरून उभी राहिली होती, ओठ पांढरे पडलेले. जयवंताबाईंनी तिचं दप्तर काखेत मारलं आणि तिला हाताला धरून वर आणली.

शनिवारी संध्याकाळी वैभवीच्या शाळेचे खेळाचे सर पेढ्यांचा डबा घेऊन दारात उभे.

"आजी, तुमच्या नातीनं नाव काढलं. शाळेनं सगळ्यांना पावलं मोजायचे पट्टे दिले होते ना, वीस मार्कांचे, त्यात वैभवी आठवीत पहिली. रोज सोळा हजार पावलं."

वैभवी जमिनीकडे बघत होती. प्रीती चहाच्या निमित्ताने आत पळाली.

"पोट्टी चालते तरी कधी?" जयवंताबाईंनी विचारलं.

सरांनी मोबाइल काढला. "हे बघा ना. पहाटे पाचला सुरुवात. सहाला थोडी थांबते. मग अकराला पुन्हा निघते, चार हजार पावलं. चारला तर..."

जयवंताबाईंच्या हातातला पेढा हातातच राहिला. पाचला विहार. सहाला वंदना. अकराला दळण. हा माणूस त्यांचाच दिवस त्यांना वाचून दाखवत होता.

त्यांनी मनगटावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज चढला नाही. त्यांचा आवाज खाली गेला की घरातली माणसं भांडी ठेवून ऐकायची.

"सर, अकरा वाजता ही पोरगी कुठं असते?"

"शाळेत."

"शाळेत काय करते?"

"बाकावर... म्हणजे गणिताचा तास असतो."

"बाकावर बसून चार हजार पावलं चालते? तुमाले दिसलं नाही काय हे?"

सर खाकरले. चष्मा पुसला. मग घराचाच माणूस असल्यासारखे पुढे झुकले. "आजी, तुमच्यापासून काय लपवायचं. एकाचा पट्टा कुत्र्याच्या गळ्यात आहे. एकीचा पाळण्याला बांधलाय, भाऊ झोपतो त्यात. पण शाळेचा आकडा वर गेला ना. बक्षीस मिळणार आहे."

"अन् पोट्टे?"

"पोट्टे काय?"

"पोट्टे पळतात कुठं तुमच्या शाळेत?"

"मैदानावर सध्या बस उभ्या राहतात. आणि खेळाचा तास गणितवाल्यांनी मागून घेतला."

"म्हणजे मैदान बसले देलं, तास गणिताले देला, अन् पोट्ट्यायच्या हाती पट्टा देला. वा रे वा, मास्तर. भाकर द्यायची नाही अन् ताटलीचं वजन करायचं."

सरांनी घाईघाईने विषय बदलला. पुढच्या रविवारी शाळाशाळांची दौड आहे, तीन किलोमीटर, पहिली म्हणून वैभवीचं नाव गेलंय. "तेवढं एक डॉक्टरचं सर्टिफिकेट पाठवून द्या. ताप आला म्हणून. कोणाले काही कळणार नाही."

प्रीती चहा घेऊन आली होती. ती लगेच म्हणाली, "हाव सर, देऊ."

जयवंताबाईंनी पट्टा काढला आणि चहाच्या ट्रेमध्ये टाकला.

"हा घ्या तुमचा पहिला नंबर."

सर चहा न पिताच निघाले.

दार लागल्यावर प्रीती रडायला लागली. "मी काय करू आई? पळू कुठं देऊ हिले? खाली गाड्या, फाटकावर खेळायची मनाई म्हणून पाटी, रस्त्यावर ट्रक. चार ते आठ ट्यूशन. वीस मार्क गेले असते तर तुम्हीच बोलल्या असत्या."

"बोलली असती. पण खोटं बांधून देलं नसतं." जयवंताबाईंनी रिकामं मनगट पुढे धरलं. "दीड महिना मी बायकायले हात दाखवत फिरली वं. माही सून माह्या जिवाले जपते म्हणून. मंडीत व्यापारी सांगायचा, वर रसाळ संत्री लाव, खाली सडकी घाल. तीस वर्षांत एक पेटी तशी भरली नाही म्या. अन् तू मलेच वरचा थर केलं. खाली माही नात सडून राहिली, ते दिसलं नाही तुले?"

प्रीतीने डोळे पुसले.

"आजी," वैभवी कोपऱ्यातून म्हणाली, "मले ताप नाही आला."

"मग?"

"मी जाईन. पळता नाही येणार, पण जाईन. वर्गातली पोरं हसूनच राहिली आहेत. म्हणतात, तुह्ये पाय कोण चालवते?"

जयवंताबाईंनी ट्रेमधला पट्टा उचलला, पदराला पुसला आणि नातीच्या मनगटावर करकचून बांधला. "सकाळी पाचले."

सकाळी पाचला पोरगी उठली, कुरकुरत. जिन्याने उतरली. विहारापर्यंत तीनदा थांबली. जयवंताबाईंनी दोनदा वाट पाहिली, तिसऱ्यांदा तोंडाचा पट्टा सोडला. विहाराच्या अंगणात तिच्या हाती झाडू दिला. परतताना दुसऱ्या मजल्यावर वैभवीने भिंत धरली, धापा टाकल्या, लिफ्टकडे पाहिलं. आजी वरच्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभी होती. पोरगी चढली.

रात्री आठला प्रीतीच्या मोबाइलवर शाळेचा संदेश आला. तिने तो वाचून दाखवला. विद्यार्थिनीची आज फक्त दोन हजार तीनशे पावलं झाली आहेत. कामगिरीत मोठी घसरण आहे. पालकांनी कारण कळवावं.

जयवंताबाई खुर्चीवर बसल्या. त्या बसल्या, हे पाहूनच प्रीती उठून उभी राहिली.

"लिही," त्या म्हणाल्या. "मी सांगतो तसंच लिही, साखर घालू नको. आजपर्यंतची पावलं म्हातारीची होती. आजची पोरीची आहेत. आजपर्यंत तुमाले कारण पाहिजे नव्हतं, आज पोरगी चालली तर कारण मागता. वीस मार्क काढून घ्या. लिहिलं?"

"लिहिलं."

"आणखी लिही. रविवारी पोरगी दौडीले येते. शेवटची येईल. तुमचा फोटोवाला घरी गेल्यावर येईल. पण तिच्या पायानं येईल, तवर झेंडा काढू नका."

प्रीतीचं बोट पाठवायच्या बटणावर अडलं. "आई, शाळेतून काढतील हिले."

"काढू दे. मी येतो मंग शाळेत. चालत."

प्रीतीने एकदा लेकीकडे पाहिलं. वैभवी पोटऱ्या चोळत बसली होती, तोंड वाकडं करून. प्रीतीने बटण दाबलं.