उपासातली गितार

मी गितार बोलतेय. गोड काही ऐकायची आशा धरू नका. माझा जन्मच मारझोडीतला. गोव्याच्या सुतारानं माझ्या फळ्या तापवून वाकवल्या आणि तारा इतक्या ताणल्या की मान मोडतेय असं वाटलं.

मला ठाण्याच्या खाडीकाठी, बाळकुमला आणलं पॉलनं. ईस्टरआधीच्या उपासात ख्रिस्ती घरांत वाद्याला हात लावत नसत. पॉल मात्र वाजवायचा. त्याच उपासात त्याची होडी खाडीत उलटली, तो बुडाला आणि त्याच्या बापानं, अल्फान्सोनं, सगळा दोष माझ्या माथी मारला. वाऱ्याला कोणी विचारलं नाही.

बिट्रिसचं लग्न पुढच्या वर्षीच्या ईस्टरनंतरचं ठरलं. पॉलच्या बहिणीला, एमिलियाला, आपल्या या मैत्रिणीच्या मांडवात मला वाजवायचं होतं. पण सुरांची एक पकड सोडून दुसरी धरताना तिची बोटं अडखळायची, आणि नाचणारे काही तेवढ्यात थांबणार नव्हते. उपास तर सुरू झालेला. मग तिनं युक्ती काढली. उजवा हात लावायचाच नाही, नुसत्या डाव्या हातानं तारा दाबत पकडी बदलायच्या. आवाज नाही म्हणजे उपास मोडला नाही, असा तिचा हिशेब.

पण बोट सरकलं की तार किंचित चिरकते. मला ते आवरता येत नाही.

अल्फान्सोनं ऐकलं आणि तिला दोरखंडानं झोडपलं. पाठीवर वळ उठले. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा मला मांडीवर घेतलं. त्या म्हाताऱ्याच्या टाळक्यात जाऊन आदळावं असं मला फार वाटलं.

गुड फ्रायडेला तो कोयता घेऊनच आला.

"बाबा, मी वाजवत नाय. नुसती बोटं फिरवतंय."

"पॉलबी असाच बोलायचा. आता तुला पन खाडीत जाऊ देऊ?"

घाव माझ्यावर होता. तिनं माझी मान सोडली नाही. माझं पोट फुटलं, तारा तुटून दोघांच्या तोंडावर उडाल्या, आणि तिच्या डाव्या हाताची दोन बोटं जमिनीवर पडली.

लग्नात कोणीच वाजवलं नाही.

पुढे अल्फान्सोनंच सरस लावून मला जोडलं. आता रोज संध्याकाळी तो मिठागरातून येतो आणि मला धरून तिच्याजवळ बसतो. डावा हात त्याचा, उजवा तिचा. मिठानं भेगाळलेली त्याची बोटं प्रत्येक बदलाला अडखळतात, तारांवर रक्त येतं.

"बाय, बोटं फुटली गं."

"तुझी हायत ना अजून? फिरव."

त्या शुक्रवारपासून ती रडलेली नाही. माझं मागणं एवढंच आहे, एकदा तरी त्याची पकड न अडखळता बदलू दे, म्हणजे तिला रडता येईल.