बिडाची खुर्ची

न्हाव्याच्या खुर्चीचा पाया तडकला तेव्हा खुर्चीत हेडमास्तर होते आणि त्यांची दाढी अर्धीच झाली होती. लागलं काही नाही. पण शाळेची वेळ झाली, म्हणून ते उरलेली अर्धी तशीच घेऊन निघाले. जाताना एवढंच म्हणाले, "दुपारच्या सुट्टीत येतो."

न्हाव्याने खुर्ची हातगाडीवर घातली आणि तडक वेल्डिंगचं दुकान गाठलं.

दुकान नवरा-बायकोचं. मागच्या शेडमध्ये मिस्त्री वेल्डिंग करायचा, पुढे काउंटरवर त्याची बायको वेल्डिंगचे रॉड विकायची. कुठल्या कामाला कुठला रॉड, हे आजूबाजूचे सगळे वेल्डर तिलाच विचारून नेत. अपवाद फक्त मिस्त्रीचा. वीस वर्षं त्याचा एकच लाडका रॉड होता. फाटकाला तोच, जिन्याला तोच, पाण्याच्या टाकीला तोच.

"अहो, बीड असेल ते, ओतीव लोखंड. आधी बघून घ्या," बायको काउंटरवरूनच म्हणाली.

"लोखंड ते लोखंड," मिस्त्री म्हणाला आणि त्याने तोंडासमोर काच धरली.

जोड देखणा झाला. न्हाव्याने कौतुकाने मान डोलावली. तेवढ्यात 'टक्' असा आवाज आला आणि जोडाच्या शेजारून केसाएवढी चीर गेली. मिस्त्रीने जोड घासून काढला, करंट वाढवला, पुन्हा मारला. पुन्हा टक्. तिसऱ्या खेपेला न्हाव्याने आधीच डोळे मिटून घेतले.

"रंगामुळे होतंय," मिस्त्री म्हणाला.

"रंग तर तुम्ही मघाशीच खरवडलात," न्हावी म्हणाला.

"मग हवेमुळे."

न्हाव्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्या बघण्यानेच मिस्त्री उठला. आतल्या दाराने बायकोसमोर जायला त्याला जड जात होतं, म्हणून तो बाहेरून वळसा घालून गिऱ्हाइकासारखा पुढे आला. काउंटरवर ग्रिल-फाटकं बनवणारा एक फॅब्रिकेटर होता. त्याचं होईपर्यंत बायकोने नवऱ्याकडे पाहिलंही नाही. तोवर मिस्त्रीच्या मागे एक प्लंबर येऊन उभा राहिला.

"काय जोडायचंय?" तिने विचारलं.

"तुला माहीत आहे की."

"मी सगळ्यांनाच विचारते. धातू कोणता?"

मिस्त्री छताकडे बघत राहिला. प्लंबर खाकरला. बायकोने खणातून कानस काढून पुढे सरकवली. "तुटलेल्या जागी चार हात मारा आणि भुकटी बोटावर घेऊन या."

तो गेला आणि परत आला. बोट काजळात बुडवल्यासारखं काळं झालं होतं; साध्या लोखंडाची भुकटी अशी काळी नसते.

"बीड," तो इतक्या हळू म्हणाला की प्लंबरला "काय म्हणाले?" असं विचारावं लागलं.

"बीड म्हणाले," बायकोने सांगितलं आणि निकेलचे तीन रॉड मोजून दिले. "आधी पाया जरा शेकून घ्या. मग एकेक इंचच मारायचा. वर हातोडीने हलके ठोके द्यायचे आणि कोमट होईपर्यंत थांबायचं. मगच पुढचा इंच."

थांबणं मिस्त्रीच्या रक्तातच नव्हतं. पहिला इंच झाला आणि तो शेडमध्ये येरझाऱ्या घालू लागला. न्हाव्याला ते बघवेना. त्याने पिशवीतून कात्री काढली. "इथे डब्यावर टेका मिस्त्री. मान खाली."

मग एक इंच जोड, एक कान मोकळा. पुढचा इंच, मानेवरचे केस. शेवटचा ठोका पडला तेव्हा मिस्त्रीचा भांग जन्मात पहिल्यांदा सरळ दिसत होता. जोड मात्र खडबडीत आणि ओबडधोबड झाला होता. दोघं कान देऊन बसले. आवाज आला नाही.

दुपारच्या सुट्टीत न्हाव्याच्या दुकानात हेडमास्तर खुर्चीकडे संशयाने बघत उभे राहिले. "आता टिकेल?"

खुर्ची पोचवायला आलेल्या मिस्त्रीने एरवी दहा मिनिटं स्वतःची तारीफ केली असती. आज तो आणि न्हावी दोघं एकदमच खुर्चीत बसले, जरा हलून बघितलं आणि उठले. हेडमास्तरांनी उरलेली दाढी करून घेतली.

संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरल्यावर मिस्त्री काउंटरच्या आतल्या बाजूला आला आणि फळीवरच्या पुड्यांकडे बघत उभा राहिला.

"हे वरचे कशाचे?" त्याने विचारलं.

"स्टेनलेसचे," ती म्हणाली, आणि त्याला दाखवायला स्टुलावर चढली.